टॅपेटच आहेत

७ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळ.

आज पहिल्यांदा खिडकीच्या काचेवर आतून बर्फ धरला होता. बाहेर जाऊन पिकअप सुरू केली आणि ऐकलं. टक टक टक टक. इंजिन गरम झालं तसा आवाज बंद. म्हणजे केव्हा थांबायचं ते त्या आवाजाला बरोबर कळतं. लक्षण चांगलं नाही.

गाडी सव्वीस वर्षांची आहे, पण माझ्याकडे ऑगस्टपासूनच. त्याआधी ओडेलची. ओडेल म्हणजे रस्त्यापलीकडचा, शाळेपासूनचा मित्र. त्याने नवी पिकअप घेतली आणि ही मला विकली. भर उन्हाळ्यात विकली. उन्हाळ्यातच का, हा प्रश्न आज पहिल्यांदा पडला.

अख्खी नोकरी गावच्या पाणीखात्यात काढली. लोखंडी कांब रस्त्यावर टेकवायची, दुसरं टोक कानाला लावायचं आणि खाली पाइप कुठे गळतोय ते सांगायचं. असे कान अख्ख्या उत्तर मिनेसोटात दुसरे नसतील. आर्डिसला म्हटलं, बारीकसा आवाज आहे, तुला नाही यायचा ऐकू. ती म्हणाली, त्याच आवाजाने मला जाग आली, मी वरच्या मजल्यावर झोपले होते. बायको आहे, बोलणारच.

संकल्प: रविवारच्या आत आवाजाचं मूळ शोधायचं. पुरावा असल्याशिवाय इंजिनाला हात लावायचा नाही. पुरावा असल्याशिवाय कोणावर संशय घ्यायचा नाही. ओडेलवरसुद्धा.

८ नोव्हेंबर

ओडेल कॉफीला आला. मी मुद्दाम त्याच्यासमोर गाडी सुरू केली आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. चेहऱ्यावर काही नाही. बॉनेटसुद्धा न उघडता म्हणाला, अरे, तो मॅनिफोल्डचा आवाज. इंजिनातला धूर बाहेर नेणारा तो लोखंडी पाइप, त्याचा मागचा एक बोल्ट तुटलाय. थंडीत फट राहते, तिथून वाफारा मारतो. तापलं की लोखंड फुगतं, फट बुजते. माझ्याकडे पाच हिवाळे वाजत होता. हात लावू नकोस, वाजू दे.

मी इंजिन बंद केलं. पण न बघता याला कळलं कसं? आणि माहीत होतं तर देताना सांगितलं का नाही? तसं विचारलं. म्हणाला, सांगितलं होतं की, तू तेव्हा मला गाडी कशी धुवावी ते समजावत होतास.

मला हे आठवत नाही. मला सगळं आठवतं. त्याअर्थी त्याने सांगितलं नाही.

९ नोव्हेंबर

निदान झालं. टॅपेट आहेत. इंजिनाच्या वरच्या भागात ठोके देणारे छोटे खांब असतात, त्यांना रात्रभरात तेल कमी पडतं आणि सकाळी ते वाजतात. कारण एक: आवाज टक टक असाच आहे. कारण दोन: ओडेल म्हणतो टॅपेट नाहीत. दुसरं कारण जास्त भक्कम आहे.

११ नोव्हेंबर, दुपार

डार्लाच्या दुकानात गेलो. स्पेअर पार्ट, मासे पकडायचे गळ आणि गरम सूप एकाच काउंटरवर विकते. सर्वांत जाड ऑइल मागितलं. डार्ला म्हणाली, वर्लिन, या थंडीत जाड तेल घालशील तर सकाळी ते वर चढायलाच दुपार होईल. पातळ घे. मी जाडच घेतलं. मला पातळ विकण्यात तिचा काय फायदा ते शोधायला हवं.

सहज बोलता बोलता तिने सांगितलं की कालच ओडेल येऊन गेला. काय नेलं विचारलं. वायपरची एक काडी. एक! काचेला वायपर दोन असतात. एकच काडी कोण नेतो?

१४ नोव्हेंबर, मंगळवार

ऑइल बदललं. आवाज बदलला. आर्डिसच्या मते वाढला. मी त्याला ‘खोल गेला’ म्हणेन. आता तो थांबायलाही जास्त वेळ घेतो, म्हणजे अभ्यासाला जास्त वेळ मिळतो.

संध्याकाळी फार्गोहून करिनचा फोन. लेकीचा फोन सहसा आर्डिसला असतो, आज माझ्याशी बोलायचं म्हणाली. बाबा, थोडे दिवस तिकडे येऊन राहिले तर चालेल का, थोडं सामानही आहे. म्हटलं, अगं विचारतेस काय! आणि सामानासाठी भाड्याची गाडी वगैरे मुळीच करायची नाही. तुझ्या बापाकडे पिकअप आहे. दोन डिसेंबरला शनिवार आहे, मी स्वतः न्यायला येतो.

ब्रेंट येणार का ते विचारलं नाही. जावई आणि माझं फारसं पटत नाही. त्याच्या गवत कापायच्या मशीनविषयी मी एकदा खरं बोललो होतो.

मग तिला ऑइलची सगळी हकिगत सांगितली. बराच वेळ ती एक शब्द बोलली नाही. ऐकून घ्यायचा गुण तिने माझ्याकडून उचललाय.

१६ नोव्हेंबर

शास्त्रीय तपासणी. झाडूच्या दांड्याचं एक टोक चालू इंजिनावर, दुसरं कानाला. पाइप ऐकायचो तसंच. पहिल्याच मिनिटात टॅपेट स्पष्ट ऐकू आले. त्यानंतर दांडा पंख्यात गेला.

पंख्याला काही झालेलं नाही. माझ्या कानालाही विशेष नाही. आर्डिस झाडू शोधतेय. तिला म्हटलं, हल्ली या रस्त्यावर वस्तू नाहीशा व्हायला लागल्यात. ती माझ्या कानावरच्या पट्टीकडे बघत राहिली.

१८ नोव्हेंबर, शनिवार

करिनचा पुन्हा फोन. आवाज बसलेला. सर्दी असणार, फार्गोत वारं फार. म्हणाली, बाबा, तो गेला.

मी म्हटलं, कुठला जातोय! आज सकाळीही होता.

ती म्हणाली, काय?

मी म्हटलं, अगं, मध्येच बंद होतो म्हणून तुला वाटतं की गेला. तसा तो जाणाऱ्यातला नाही. मुळाशी जाऊन काढावा लागतो. मी काढतो, तू काळजी करू नकोस.

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज. मग म्हणाली, आईला दे.

आर्डिस फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि दार लोटून घेतलं. पाऊण तास. बाहेर आली तेव्हा डोळे लाल. कांदा चिरत होतीस का विचारलं, हो म्हणाली. रात्रीच्या जेवणात कांदा नव्हता. नोंद करून ठेवतो.

२० नोव्हेंबर

काहीतरी शिजतंय.

आज दोनदा मी आत गेलो आणि दोन्ही वेळा आर्डिसने, बरं, मग बोलू, म्हणून फोन ठेवला. दुसऱ्यांदा ती परसात गेल्यावर मी फोन उचलून शेवटचा नंबर बघितला. ओडेलचा. तीस वर्षांत आर्डिस ओडेलशी फोनवर एवढंच बोललीय: आहे इकडे, पाठवते.

काल चर्चच्या तळघरात जेवण होतं तिथेही दोघं कॉफीच्या पिंपाशी उभे. मी बघतोय म्हटल्यावर दोघांनी माझ्याकडे वळून बघितलं. दया आल्यासारखं. माणसाला आपण ज्याला फसवतो त्याची आधी दया येते.

तर्क: ओडेलला गाडी परत हवी आहे. मी आवाजाला कंटाळून ती कवडीमोलाने द्यावी असा बेत आहे आणि आर्डिस आतून सामील. तिला गॅरेज रिकामं हवंय, लोणच्यांसाठी.

२१ नोव्हेंबर

नवा मुद्दा. आवाज फक्त सकाळीच येतो. म्हणजे रात्रीत कोणीतरी येऊन काहीतरी करून जातं का? झोपण्याआधी गॅरेजच्या फरशीवर मैदा पसरून ठेवला.

२२ नोव्हेंबर, सकाळ

मैद्यात बुटांचे ठसे! अकरा नंबरचे. ओडेलचा नंबर अकरा. मला नक्की माहीत आहे, कारण आम्ही दोघांनी एकाच दिवशी, एकाच दुकानात, एकाच मापाचे बूट घेतले होते.

दुपार. ठसे बहुधा माझेच. मैदा पसरून झाल्यावर बाहेर यावं लागलं होतं. तरी ‘बहुधा’ हा शब्द ठेवतो.

संध्याकाळ. आर्डिस विचारतेय मैदा कुठे गेला, उद्या थँक्सगिव्हिंग आहे आणि भोपळ्याचा गोड ‘पाय’ भाजायचा आहे. म्हटलं, हल्ली या रस्त्यावर. तिने वाक्य पूर्ण करू दिलं नाही.

२३ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग

बायको वारल्यापासून ओडेल या दिवशी आमच्याकडे जेवतो. यंदा मी बोलावलं नव्हतं. आर्डिसने बोलावलं. टर्की कापायचं काम माझ्याकडे असतं. ओडेलला पाठीकडचा, सगळ्यांत कोरडा तुकडा वाढला. तो म्हणाला, छान झालंय. कोरडा तुकडा खाऊन छान म्हणणारा माणूस काय लपवत असेल?

यंदा करिन आली नाही. गेल्या वर्षी ब्रेंटला घेऊन आली होती. त्याची खुर्ची आर्डिसने आधीच काढून ठेवली होती. मी म्हटलं, असू दे की तिथेच, पुढच्या शनिवारी दोघं आली तर लागेल. आर्डिस आणि ओडेल दोघंही आपापल्या ताटात बघायला लागले.

जाताना ओडेल म्हणाला, वर्लिन, फार्गोला माझी गाडी घेऊन जा. हवं तर मी चालवतो. मी म्हटलं, माझी चालते. त्याच्या गाडीतून जाणं म्हणजे लेकीसमोर कबूल करणं की मी फसलो.

२५ नोव्हेंबर, शनिवार. दुपार.

निर्णायक प्रयोग ठरवला. ओडेलचा मुद्दा कायमचा निकालात काढायचा. मॅनिफोल्डचे राहिलेले सगळे बोल्ट आवळायचे. आवाज तसाच राहिला तर मॅनिफोल्ड निर्दोष आणि ओडेल खोटा. पुरावा असल्याशिवाय हात लावायचा नाही असा संकल्प होता, पण हा हात पुराव्यासाठीच आहे.

संध्याकाळ. बोल्ट गंजून घट्ट बसलेले. पान्याला लांब पाइप लावला आणि अंगाचा भार टाकला. पहिला बोल्ट वळला. म्हणजे वळल्यासारखा वाटला. तो तुटला होता. दुसऱ्याला जरा बेतानं लावला. तोही.

गाडी सुरू केली. आता आवाज टक टक नाही. ट्रॅक्टर जिन्यावरून उतरवल्यासारखा. आणि तापल्यावरही थांबत नाही. निदानाच्या दृष्टीने ही फार मोठी पायरी आहे: आवाज आता लपू शकत नाही.

आर्डिस दारात येऊन उभी राहिली. ओठ हलत होते. काय म्हणाली ते ऐकू आलं नाही.

२८ नोव्हेंबर

काल रात्रीपासून हिमवर्षाव. ओडेलने माझ्या दारासमोरचा बर्फ स्वतःच्या मशीनने साफ करून दिला. न सांगता. असं वागून तो मला कोड्यात टाकतोय.

२९ नोव्हेंबर

आज सोक्षमोक्ष लावला. दोन्ही तुटके बोल्ट खिशात घालून ओडेलच्या घरी गेलो आणि त्याच्या स्वयंपाकाच्या टेबलावर आपटले. म्हटलं, हे बघ, तू मला काय विकलंस ते. बरंच बोललो. ऑगस्टपासूनचं सगळं. वायपरच्या एका काडीपर्यंत. आर्डिसशी कसली खलबतं चाललीत तेही विचारलं.

ओडेलने बोल्ट उचलून बघितले. म्हणाला, हे तूच तोडलेत. मग म्हणाला, गाडी परत दे, तुझे पैसे घेऊन जा. मी म्हटलं, बघ! हेच! याच्यासाठीच सगळं चाललं होतं! तेव्हा तो उठला. इतक्या वर्षांत त्याला चिडलेला बघितला नव्हता, आजही तो चिडला असं म्हणता येणार नाही. म्हणाला, वर्लिन, घरी जा आणि पोरीला फोन कर. या वेळी तू बोलू नकोस, तिला बोलू दे. आणि मी पायरी उतरलो तसं त्याने दार लावून घेतलं.

पोरीचा इथे काय संबंध? विषय बदलायची ही जुनी युक्ती.

तरी फोन लावला होता. करिनने उचलला. मी म्हटलं, बोल. ती म्हणाली, काय बोलू, तूच फोन केलास. मग मीच बोललो. सांगितलं की शनिवारी नक्की येतो, गाडी लांबूनच ऐकू येईल. ती म्हणाली, बाबा, नाही आलास तरी चालेल. पोर माझी फार काळजी करते.

१ डिसेंबर

तयारी पूर्ण. दोऱ्या, जुनी ब्लँकेटं, थर्मास. तुटक्या बोल्टांच्या जागी जाड तार आवळली आहे. आर्डिसला म्हटलं, पहाटे निघतो, चलतेस का? ती म्हणाली, त्या गाडीत मी बसणार नाही, तूही बसू नकोस, धूर आत येतो. म्हटलं, काचा उघड्या ठेवेन. बाहेर शून्याखाली बारा आहे, म्हणाली. म्हटलं, टोपी आहे.

ती म्हणाली, वर्लिन, ती पोरगी कशातून जातेय तुला माहीत आहे का? म्हटलं, हो, सर्दीतून. आर्डिस वर निघून गेली.

२ डिसेंबर, शनिवार

पहाटेच गाडी अंगणात आणून चालू करून ठेवली. बॉनेट उघडं ठेवून तारेचा ताण तपासत होतो. आवाज असा की दुसरं काही ऐकू येण्याची सोय नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण तेवढ्यात आर्डिस घरातून निघाली, रस्ता ओलांडला, ओडेलच्या पिकअपमध्ये बसली आणि दोघं निघून गेले. मला पत्ता नाही. मी बॉनेट खाली पाडलं तेव्हा त्यांचे मागचे लाल दिवे वळणावर दिसले.

म्हणजे दोघं निघाले. कुठे? आधी जे मनात आलं ते इथे लिहीत नाही. आर्डिस एकोणसत्तर वर्षांची आहे.

मग लक्षात आलं की ते वळण फार्गोच्या रस्त्याचं आहे.

मागे निघालो. काचा उघड्या. टोपी होती, पण पुरेशी नव्हती. धूर आत येत होताच. तार चर्चपाशी निघाली. गावाबाहेरच्या पेट्रोलपंपापर्यंत पोचलो. तिथे गाडीने एक मोठा फटका मारला आणि सगळं शांत झालं. गेल्या कित्येक दिवसांत एवढी शांतता ऐकली नव्हती.

पंपावर कॉफी घेऊन काचेपाशी बसलो. बोटांत जीव यायला वेळ लागला. फार्गोला जाणाऱ्या गाड्या समोरून जात होत्या. सगळ्या चालत होत्या. शेवटी डार्ला डिझेल भरायला आली, तिने घरी सोडलं. वाटेत तिने काहीच विचारलं नाही. तिला करिनचं माहीत होतं, हे आता रात्री लिहिताना कळतंय. गावात सगळ्यांना माहीत होतं, आणि मला वाटत होतं ते गाडीबद्दल होतं.

अंधार पडताना ओडेलची पिकअप आली. मागे एक पलंग, एक उभा दिवा, पुस्तकांची खोकी, करिनची शिलाई मशीन. एकाच माणसाचं सामान. मी बाहेर जाऊन दिव्याचं टोक धरलं. विचारलं, ब्रेंट मागून येतोय का?

तिघांनीही माझ्याकडे बघितलं.

करिन म्हणाली, बाबा, तो गेला म्हणून सांगितलं होतं ना तुला. ऑक्टोबरमध्येच मला सोडून गेला.

मी दिवा आत नेला. कुठे ठेवायचा ते कळेना, म्हणून बराच वेळ हातात धरून उभा राहिलो. ओडेलने पलंग एकट्याने जिन्यावरून वर चढवला. खाली आल्यावर मी त्याच्यापुढे कॉफी ठेवली. तो बसला. म्हणाला, रस्ता बरा होता. मी म्हटलं, वारं? तो म्हणाला, थोडं. एवढंच बोललो. पण तो कप संपेपर्यंत बसला.

३ डिसेंबर, रविवार

आर्डिस एकटीच चर्चला गेली. जाताना मला म्हणाली, तिच्याजवळ बस. काही सांगू नकोस. नुसता बस.

बसलो. करिन स्वयंपाकघराच्या टेबलाशी, अंगावर माझाच जुना स्वेटर. अंडी केली होती, तिने खाल्ली नाहीत. मला तीन-चार गोष्टी सुचल्या. ब्रेंटबद्दल एक, मॅनिफोल्डबद्दल दोन. एकही बोललो नाही. किती कठीण असतं हे, याची मला कल्पना नव्हती. मग ती बोलायला लागली. काय बोलली ते इथे लिहीत नाही, ते तिचं आहे. मी ऐकलं. मध्ये एकदा, अगं, मग तू, असं सुरू केलं होतं, पण तेवढ्यावर थांबलो.

बोलून झाल्यावर तिने स्वेटरच्या बाहीने तोंड पुसलं आणि विचारलं, बाबा, काल तू कुठपर्यंत पोचला होतास?

म्हटलं, पेट्रोलपंपापर्यंत.

आपल्या गावच्या?

हो.

ती हसायला लागली. हसता हसता पुन्हा रडली, मग पुन्हा हसली. अंड्यांची बशी पुढे ओढली आणि गार झालेली अंडी खायला लागली. ती नक्की कशाला हसली ते मला कळलं नाही. विचारलं नाही.